रोमन करचक्र आणि कालनिर्णय



व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचे एक पान जतन करून ठेवलेले आहे. त्यावरील मजकूर मोठा नाही. इजिप्तमधील हेराक्लिओपोलिस या नगराच्या कारभाऱ्यांकडून अब्दुल्ला इब्न जाबिर या अरब सेनानीने आपल्या सैनिकांसाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ती पावती आहे. इजिप्त नुकताच अरबांच्या हाती गेला होता. जुने कारकून मात्र आपापल्या जागी होते आणि आपल्या सवयीप्रमाणे ग्रीक भाषेतच दप्तर लिहीत होते. म्हणून ही पावती ग्रीक व अरबी अशा दोन्ही भाषांत लिहिली गेली. अरबी मजकुरात काळ दिला आहे तो असा: जमादिलावल महिना, सन बावीस. ग्रीक मजकुरात दिला आहे तो असा: फार्मूथी महिन्याची ३० तारीख, पहिले इंडिक्शन. पानाच्या पाठीवर, या मेंढ्या पहिल्या इंडिक्शनच्या सरकारी करापोटी दिल्या, अशीही ग्रीक नोंद आहे.

यांतील 'सन बावीस' म्हणजे काय, याचा तर्क कोणीही करील. परंतु तो सन कोणत्या शकातील, हे लेखकाने सांगितलेले नाही. 'पहिले इंडिक्शन' हा शब्दप्रयोग तर आजच्या वाचकाला सर्वस्वी अपरिचित आहे. तथापि या दोन अपुऱ्या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे त्या मेंढ्या ज्या दिवशी हाकून नेल्या गेल्या, तो दिवस निश्चित सांगता येतो. तो कसा, हे समजण्यासाठी आपल्याला सुमारे साडेतीनशे वर्षे मागे, डायोक्लीशन या रोमन सम्राटाच्या काळात जावे लागेल.

डायोक्लीशनने इ. स. २८४ ते ३०५ या काळात राज्य केले. त्याच्या आधीच्या अर्धशतकात साम्राज्याची घडी पार विसकटून गेली होती. सम्राट येत होते आणि मारले जात होते, सरहद्दींवर शत्रूंचा रेटा वाढला होता आणि नाण्यांतील चांदी इतकी घटली होती की त्या नाण्यांत वसूल केलेल्या कराला फारसा अर्थ उरला नव्हता. सैन्य तर पोसायलाच हवे होते. तेव्हा सरकार सैनिकांसाठी लागणारे धान्य, मद्य, तेल, मांस व कापड प्रजेकडून थेट वस्तुरूपानेच घेऊ लागले. प्रारंभी ही मागणी प्रसंगानुसार व लहरीनुसार होत असे. ज्या गावावरून सैन्य जाई, त्या गावाचे कंबरडे मोडे. शेजारचे गाव सुटून जाई. डायोक्लीशनने या प्रसंगोपात्त उकळणुकीला नियमित वार्षिक कराचे रूप दिले. दरवर्षी साम्राज्याला किती लागणार याचा अंदाज घ्यायचा, तो बोजा जमिनीच्या व माणसांच्या ठरावीक एककांवर वाटून द्यायचा आणि वर्षारंभापूर्वी जाहीर करायचा, अशी ती पद्धत होती. या जाहीर करण्याला लॅटिनमध्ये 'इंडिक्तिओ' म्हणत. इंडिक्शन या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच: घोषणा, म्हणजेच सरकारी मागणीचे फर्मान.

इजिप्तचा सुभेदार अरिस्तिउस ऑप्टाटस याने १६ मार्च २९७ रोजी काढलेला जाहीरनामा सुदैवाने आपल्याला उपलब्ध आहे. काही लोकांवर भार फार पडतो आणि काही हलकेच सुटतात, हे सम्राटांच्या ध्यानी आले आहे. म्हणून आता प्रत्येक अरूराची आकारणी जमिनीच्या प्रतीप्रमाणे होईल आणि शेतकऱ्यांची शिरगणती ठरलेल्या वयोमर्यादेप्रमाणे होईल, असे तो सांगतो. अरूरा हे तेथील जमिनीचे माप. जाहीरनाम्याच्या शेवटी वसुली अधिकाऱ्यांना ताकीद आहे की, यात जो कसूर करील त्याच्या जिवाशी गाठ आहे. सुधारणा कितपत न्यायाची झाली ते वेगळे. फर्मानाची भाषा मात्र सरळ आहे.

हा जाहीरनामा ज्या दप्तरात सापडला ते दप्तर एखाद्या कचेरीचे नव्हे, तर कारानिस या गावच्या ऑरेलिउस इसिडोरस नावाच्या शेतकऱ्याचे आहे. फायूम प्रांतातील हा गृहस्थ स्वतः निरक्षर होता. तरीही त्याने शंभराहून अधिक कागद जपून ठेवले. त्यांत जमिनीची पत्रके आहेत, सारा भरल्याच्या पावत्या आहेत, दुसऱ्यांच्या गुरांनी पीक खाल्ल्याच्या तक्रारी आहेत. गावच्या धान्यकोठाराची आणि वसुलीची कामेही त्याच्या गळ्यात पडली होती. त्या काळी ही कामे मानाची नसून सक्तीची असत आणि वसुलीतील तूट पदरची भरावी लागे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याने एवढे कागद का सांभाळले असावेत, हे ज्याने कधी सरकारी देणे चुकते केले आहे त्याला सांगण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी कोणी पुन्हा मागणी केली, तर पावती दाखविता आली पाहिजे. आणि पावतीवर ती कोणत्या मागणीची आहे हे लिहिलेले असले पाहिजे.

इंडिक्शन या शब्दाच्या अर्थाला येथेच वळण मिळाले. 'या वर्षीची मागणी' असा जो अर्थ होता, तो हळूहळू 'ज्या वर्षाची मागणी ते वर्ष' असा झाला. डायोक्लीशनच्या काळातील मोजणी पाच-पाच वर्षांची होती. पुढे पंधरा वर्षांचे चक्र रूढ झाले. इजिप्तमधील कागदपत्रांत हे नवे चक्र इ. स. ३१४ च्या सुमारास दिसू लागते, परंतु त्याची गणना ३१२ पासून केलेली आहे. पारंपरिक हिशेबाने पहिल्या चक्राचा पहिला दिवस म्हणजे १ सप्टेंबर ३१२. याच वर्षी २८ ऑक्टोबरला कॉन्स्टंटाइनने रोमजवळील मिल्व्हियन पुलाच्या लढाईत मॅक्सेंटिअसचा पराभव केला. त्यामुळे या विजयाच्या स्मरणार्थ चक्र सुरू झाले असावे, असे मानण्याचा मोह होतो. तथापि चक्राचा आरंभ लढाईच्या सुमारे दोन महिने आधीचा आहे आणि इजिप्त त्या वेळी कॉन्स्टंटाइनच्या नव्हे, मॅक्सिमिनस डाइआच्या ताब्यात होता. करवसुलीच्या चक्राचा उगम रणांगणावर न शोधता मोजणीदारांच्या कचेरीत शोधणे अधिक सयुक्तिक होय. इजिप्तमध्ये त्यापूर्वी तिसऱ्या शतकापर्यंत दर चौदा वर्षांनी खानेसुमारी होत असे, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता या गणनेतील मुख्य वैशिष्ट्याकडे वळू. एखाद्या दस्तऐवजावर 'तिसरे इंडिक्शन' असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ तिसरे चक्र असा नव्हे. चालू चक्रातील तिसरे वर्ष असा आहे. ते चक्र कितवे, हे कोणीच लिहीत नसे. पंधरावे वर्ष संपले की पुन्हा पहिले. म्हणजे 'तिसरे इंडिक्शन' दर पंधरा वर्षांनी येणार, आणि नुसत्या तेवढ्या नोंदीवरून शतकसुद्धा कळणार नाही.

भारतीय श्रोत्यांना हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. प्रभव, विभव अशा नावांनी सुरू होणारे साठ संवत्सरांचे चक्र आपल्या पंचांगात आजही आहे. ते चक्र कितवे, हे संवत्सराचे नाव सांगत नाही. म्हणून शिलालेखांत संवत्सराच्या जोडीला शकवर्ष दिलेले असले म्हणजे अभ्यासकाला हायसे वाटते. कराच्या निमित्ताने स्वतंत्र वर्ष चालविण्याची कल्पनाही आपल्याकडे होती. फसली सन हा पिकाच्या व साऱ्याच्या सोयीसाठी निर्माण झाला, आणि मराठ्यांच्या कागदपत्रांतील सुहूर सन मृगाच्या सूर्याबरोबर, म्हणजे शेतीच्या हंगामाबरोबर बदलत असल्यामुळे त्याला मृगसाल म्हणत.

चक्राचा अनुक्रम न लिहिणे ही आपल्या दृष्टीने मोठी उणीव आहे; परंतु ज्यांनी ती पद्धत वापरली त्यांना ती उणीव कधी जाणवलीच नसावी. घरभाड्याची पावती, मजुरीचा करार, कर्जाचा रोखा, या गोष्टी पाच-सात वर्षांच्या व्यवहाराच्या असतात. कारानिसच्या शेतकऱ्याला सोळा वर्षांपूर्वीची थकबाकी आणि गेल्या वर्षीची थकबाकी यांत गोंधळ होण्याची भीती नव्हती.

उलट, दुसऱ्या पद्धती अधिक गैरसोयीच्या होत्या. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांचे नाव देत. त्यासाठी शेकडो नावांची यादी अनुक्रमाने पाठ असावी लागे किंवा जवळ बाळगावी लागे. शिवाय नव्या कॉन्सलांची नावे दूरच्या प्रांतांत पोचेपर्यंत कित्येक महिने जात. तोवर 'अमक्यांच्या कॉन्सलपदानंतरचे वर्ष' असे लिहून वेळ मारून न्यावी लागे. इंडिक्शनचा आकडा मात्र आधीच ठाऊक असे. यंदा सहावे चालू आहे, तर पुढच्या साली सातवे. त्यासाठी राजधानीच्या बातमीची वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्यामुळे हा आकडा करपावतीवरून खाजगी करारात उतरला, तेथून थडग्यांवरील दगडांवर आणि देवळांच्या शिलालेखांवर गेला. माणसाच्या मृत्यूची नोंद करवसुलीच्या वर्षाने व्हावी, यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटले नाही.

सम्राट जस्टिनियनने ३१ ऑगस्ट ५३७ रोजी कायदाच केला की, प्रत्येक दस्तऐवजावर सम्राटाचे राज्यवर्ष, कॉन्सलचे नाव, इंडिक्शन, महिना व दिवस ही सर्व असलीच पाहिजेत. त्या दिवशी पंधरावे इंडिक्शन संपत होते आणि दुसऱ्या दिवसापासून नवे चक्र सुरू व्हावयाचे होते. या कायद्यातील कॉन्सलांचा भाग लवकरच निर्जीव झाला, कारण ५४१ साली बॅसिलिअस कॉन्सल झाला, त्याच्यानंतर खाजगी नागरिकाला ते पद दिले गेलेच नाही. इंडिक्शन टिकले.

इसवी सनावरून इंडिक्शन काढण्याची रीत सोपी आहे. जो इसवी सन आज सर्व जगभर चालतो, त्याची गणना योजणारा डायोनिसिअस एक्सिगुअस हा रोममधील मठवासी होता. त्याच्या ५२५ सालच्या हिशेबात ही रीत दिली आहे: सनात ३ मिळवावे आणि १५ ने भागावे, बाकी राहील ते इंडिक्शन. ५२५ मध्ये ३ मिळविले की ५२८ होतात. १५ ने भागून बाकी ३ उरते. म्हणून ते तिसरे इंडिक्शन. बाकी शून्य आली, तर पंधरावे समजावे. आपल्या परिचयाचे वर्ष घ्यावयाचे तर १९४७ घेऊ. त्यात ३ मिळविले की १९५० होतात, त्याला १५ ने निःशेष भाग जातो. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस पंधराव्या इंडिक्शनमधील होता. वर्षाचा आरंभ १ सप्टेंबरला धरणाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ३ ऐवजी ४ मिळवावे लागतात.

सगळी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे, कारण वर्ष केव्हा बदलते याविषयी सर्वत्र एकवाक्यता नव्हती. कॉन्स्टँटिनोपलला ते १ सप्टेंबरला बदले. इजिप्तमध्ये नाईलच्या पुराने व कापणीने शेतकऱ्यांचे जीवन बांधलेले असल्यामुळे काही भागांत ते मे महिन्यात, काही भागांत जुलैमध्ये बदले, तर ऑक्सिरिंकस या नगरात थोथ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे २९ ऑगस्टला बदले. पश्चिमेकडे २४ सप्टेंबर ही तारीख प्रचारात आली. पुढे पोपच्या कचेरीत नाताळपासून किंवा १ जानेवारीपासूनही गणना होऊ लागली. जेनोआ शहराने तर २४ सप्टेंबर ही तारीख स्वीकारली, पण आकडा इतरांपेक्षा एकाने मागे ठेवला.

हे भेद क्षुल्लक वाटतात, पण त्यांच्यावर इतिहासातील एखाद्या घटनेचा अर्थ अवलंबून राहू शकतो. इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे भरलेल्या धर्मसभेचे उदाहरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. इंग्लंडच्या धर्मेतिहासाचा जनक बीड याने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात या सभेचा वृत्तान्त दिला असून तिची तारीख १७ सप्टेंबर, आठवे इंडिक्शन, अशी सांगितली आहे. स्वतः बीड इसवी सन ६८० देतो. त्याने कालगणनेवर जो स्वतंत्र ग्रंथ ७२५ मध्ये लिहिला, त्यात इंडिक्शन २४ सप्टेंबरला बदलते असे म्हटले आहे. त्या नियमाने १७ सप्टेंबर ६८० या दिवशी आठवे इंडिक्शनच चालू होते. हिशेब चोख जुळतो. परंतु सभा भरविणारा होता कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर. हा थिओडोर इंग्रज नव्हता. आशिया मायनरमधील टार्ससचा राहणारा आणि ग्रीक विद्येत वाढलेला होता. तो ६६९ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, इंग्लंडला आला. सभेचा ठराव त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला असेल, तर त्यातील इंडिक्शन कॉन्स्टँटिनोपलच्या रीतीचे, १ सप्टेंबरपासूनचे असणे शक्य आहे. तसे असेल तर आठवे इंडिक्शन ३१ ऑगस्ट ६८० लाच संपले, आणि १७ सप्टेंबर ही तारीख ६७९ मधील ठरते.

या एका वर्षाने काय बिघडते? बरेच काही बिघडते. ख्रिस्ताच्या ठायी इच्छाशक्ती एक की दोन, या प्रश्नावर त्या काळी पूर्व व पश्चिम यांच्यात कडाक्याचा वाद चालला होता. पोप अगाथोने मार्च ६८० मध्ये रोम येथे सभा घेऊन पश्चिमेचे मत निश्चित केले आणि ते घेऊन त्याचे प्रतिनिधी ७ नोव्हेंबर ६८० रोजी कॉन्स्टँटिनोपल येथे सुरू झालेल्या महापरिषदेत बसले. हॅटफील्डची सभा इंग्लंडच्या चर्चची श्रद्धा याच प्रश्नावर जाहीर करण्यासाठी भरली होती. ती ६७९ मध्ये भरली असेल, तर दूरच्या बेटावरील नवख्रिस्ती लोकांचे मत रोमच्या निर्णयाआधी मागविले गेले होते. ती ६८० मध्ये भरली असेल, तर रोमचा निर्णय होऊन गेल्यावर इंग्लंडने त्याला मान तुकविली. बीडने या सभेसाठी चार इंग्रज राजांची राज्यवर्षेही दिली आहेत. पण त्या राजांच्या राज्यारोहणाची वर्षे आपल्याला मुख्यतः बीडच्याच ग्रंथातून कळतात, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यालाच साक्षीला बोलाविण्यासारखे ते आहे. काही इतिहासग्रंथ आजही ६७९ लिहितात आणि काही ६८०. थिओडोरचे वय, संस्कार व अधिकार लक्षात घेता ६७९ चा पक्ष दुबळा म्हणता येत नाही. परंतु बीडसारखा सावध गणिती आपल्या हाताशी असलेल्या कागदाचा अर्थ चुकला असेल, असे सहजासहजी म्हणवतही नाही.

तात्पर्य, इंडिक्शन एकटे असले की मुके असते. दुसऱ्या एखाद्या नोंदीशी त्याची गाठ पडली की ते बोलू लागते. ऑक्सिरिंकसच्या कागदांवर कित्येकदा 'वर्ष २१५ व १८४' अशा धर्तीचा जोडआकडा येतो. यांतील पहिली गणना ३२४ पासूनची आणि दुसरी ३५५ पासूनची, त्यामुळे दोहोंत नेहमी ३१ चे अंतर राहते. ज्या सम्राटांच्या नावाने या गणना सुरू झाल्या ते मरून शतके उलटली, तरी तेथील कारकून दोन्ही आकडे निष्ठेने पुढे चालवीत राहिले. पपायरस फाटून यांतील एक आकडा गेला, तरी दुसऱ्यावरून तो काढता येतो आणि सोबतचे इंडिक्शन त्याचा पडताळा देते. तिन्ही जुळले तर कागद विश्वसनीय; न जुळले तर नकलनवीस चुकला किंवा कागद बनावट. फ्रान्समधील बेनेडिक्टाइन पंडित माबियों याने १६८१ मध्ये जुन्या सनदांच्या परीक्षेचे शास्त्र सिद्ध केले. त्याच्या हाती जी साधने होती, त्यांत सनदेवरील कालनिर्देशाचा हा पडताळा होता. खोटी सनद रचणारा शिक्का हुबेहूब करी, भाषाही साधून घेई; पण तीनशे वर्षांपूर्वीचे इंडिक्शन बरोबर काढणे त्याला अनेकदा जमत नसे.

आता त्या ६५ मेंढ्यांकडे परत जाता येईल. पहिले इंडिक्शन दर पंधरा वर्षांनी येते: ६२८, ६४३, ६५८ इत्यादी सालांत. यांपैकी ६२८ मध्ये अरब इजिप्तमध्ये आलेच नव्हते. त्यांची स्वारी ६३९ च्या अखेरीस सुरू झाली. उरली ६४३ व ६५८ ही वर्षे. आता अरबी बाजूचा 'सन बावीस' पैगंबरांच्या हिजरतीपासून, म्हणजे ६२२ पासून चांद्र वर्षांनी मोजला, तर जमादिलावल महिना २८ मार्च ते २६ एप्रिल ६४३ या दिवसांत पडतो. ग्रीक बाजूची फार्मूथीची ३० तारीख म्हणजे २५ एप्रिल. ती याच महिन्यात बसते. इंडिक्शन मे महिन्यात बदलो, जुलैत बदलो की ऑगस्टच्या अखेरीस बदलो, २५ एप्रिलला त्याची बाधा पोचत नाही. दिवस ठरला: २५ एप्रिल ६४३.

या निष्कर्षाचे मोल मेंढ्यांपुरते नाही. हिजरी सनाची स्थापना दुसरे खलीफा उमर यांनी केली, असे मुस्लिम इतिहासकार सांगतात. पण ते इतिहासग्रंथ पुष्कळ नंतरचे आहेत. उमर यांचा मृत्यू ६४४ मध्ये झाला. म्हणजे त्यांच्या हयातीतच, मदिनेपासून शेकडो कोस दूर असलेल्या एका लष्करी तुकडीच्या कारकुनाने हा सन वापरला होता आणि तो स्पष्ट करून सांगण्याची त्याला गरज वाटली नाही, याचा समकालीन लेखी पुरावा आपल्याला मिळतो. त्या निनावी 'सन बावीस'ची खातरी पटते ती शेजारी बसलेल्या ग्रीक लेखनिकाने जुन्या वळणाने लिहिलेल्या करवर्षाच्या आकड्यामुळे. पॅलेस्टाइनच्या दक्षिणेस नेसाना येथे सापडलेल्या ६७४ आणि पुढील वर्षांच्या करमागणीपत्रांतही हीच जोडी आहे: अरबीत हिजरी सन, ग्रीकमध्ये इंडिक्शन. राज्य बदलले, धर्म बदलला, नाणी बदलली. कराचे चक्र फिरतच राहिले.

पुढे वस्तुरूप कर गेले, रोमचे साम्राज्य गेले, तरी हा आकडा नोटरींच्या लेखणीत राहिला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्ष आजही १ सप्टेंबरला सुरू होते आणि त्या दिवसाला इंडिक्शनचा आरंभ असेच म्हणतात.

विद्येच्या क्षेत्रात त्याला जे अखेरचे स्थान मिळाले, ते जोसेफ स्कॅलिजर या पंडितामुळे. त्याने १५८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व राष्ट्रांचा इतिहास ज्यात मावेल असा एक प्रदीर्घ कालखंड सुचविला. वार व तारखा यांचे २८ वर्षांचे सौरचक्र, अमावास्या-पौर्णिमांचे १९ वर्षांचे चांद्रचक्र आणि इंडिक्शनचे १५ वर्षांचे करचक्र यांचा त्याने गुणाकार केला; तो ७,९८० वर्षे येतो. या तिन्ही चक्रांचे पहिले वर्ष एकाच वेळी येते ते इ. स. पूर्व ४७१३ मध्ये, म्हणून तेथून त्याने आरंभ धरला. तिघांपैकी दोन चक्रे पंचांगाची आहेत; तिसऱ्याचा सूर्याशी किंवा चंद्राशी काडीचाही संबंध नाही. स्कॅलिजरने ते घेतले ते केवळ जुन्या कागदांवर ते पदोपदी आढळते म्हणून. सर जॉन हर्शेलने १८४९ मध्ये हाच आरंभ धरून दिवसांची सलग मोजणी करण्याची शिफारस खगोलज्ञांना केली, आणि आपल्या ज्योतिषग्रंथांतील अहर्गणाशी जिचे जवळचे नाते आहे अशी ती मोजणी आज जगातील सर्व वेधशाळांत चालते. त्या मोजणीप्रमाणे १५ ऑगस्ट १९४७ रोजी ग्रिनिच येथे मध्यान्ह झाली, तेव्हा २४,३२,४१३ दिवस पूर्ण झाले होते.